पागारे

आमच्या प्रॉडक्टच्या डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल आहे. ग्राहकाकडून पैसे कसकसे येऊ शकतात, याची ती यादी. ग्राहक कंपनी स्पेनची, त्यामुळे नोंदी स्पॅनिशमध्ये. त्रान्सफेरेन्सिया म्हणजे बँक ट्रान्सफर, एफेक्तिवो म्हणजे रोख, चेके म्हणजे चेक. चौथी नोंद ‘पागारे’. ही नोंद निवडली की शेजारी तारखेचा एक रकाना उघडतो आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं, “हे सॅलरीचं काही आहे का? पगार वगैरे?” सगळे हसले. तो बिचारा गप्प बसला. खरं तर तो जवळजवळ बरोबर होता, पण हे मला कळायला दोन महिने लागले.

पागारे म्हणजे वचनचिठ्ठी. मी अमुक तारखेला तमुक रक्कम देईन, असं लिहून खाली सही केलेला कागद. स्पेनमध्ये कंपन्या आपल्या पुरवठादारांना सर्रास असे कागद देतात. माल आज, पैसे साठ किंवा नव्वद दिवसांनी, आणि मधल्या काळात हातात हा पागारे. मला त्यात मजेशीर वाटलं ते वेगळंच. हे मुळात नाम नाहीच. ते एक पूर्ण वाक्य आहे. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, आणि ‘पागारे’ म्हणजे ‘मी देईन’. भविष्यकाळ, प्रथमपुरुष, एकवचन. इतक्या वेळा, इतक्या कागदांवर ते वाक्य लिहिलं गेलं की कागदाचंच नाव ‘मी देईन’ पडलं. (पगारे आडनावाच्या माणसाने माद्रिदच्या बँकेत काउंटरवर नाव सांगितलं तर समोरच्याला आनंदच होईल.)

मग मी स्पॅनिश शिकायला लागले. कंपनीने सांगितलं नव्हतं. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत स्लो लोकल आणि तिथून अंधेरीच्या दिशेने मेट्रो, असा माझा रोजचा रस्ता आहे. लोकलमध्ये हात वर काढता येत नाही, मेट्रोत येतो. जागृती नगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका, एअरपोर्ट रोड, चकाला. सहा स्टेशनं, आणि क्रियापदाची रूपंही सहा. पागारे, पागारास, पागारा, पागारेमोस, पागारेइस, पागारान. मी देईन, तू देशील, तो किंवा ती देईल, आम्ही देऊ, तुम्ही द्याल, ते देतील. आठवडाभरात ते इतकं बसलं की अजूनही साकीनाक्याला दार उघडलं की डोक्यात ‘पागारा’ वाजतं.

स्पॅनिश भविष्यकाळ सोपा आहे असं सगळे सांगतात, आणि तो सोपा आहेच. बाकीच्या काळांत क्रियापदाचं शेपूट कापून नवीन लावावं लागतं. इथे अख्खं क्रियापद तसंच ठेवायचं आणि पुढे जोडायचं. बारा-एक क्रियापदं वाकडी जातात, ‘आसेर’चं ‘आरे’ होतं, ‘तेनेर’चं ‘तेन्द्रे’ होतं, तेवढी पाठ करायची. पण जे जोडायचं ते कुठून आलं, हे कोणी सांगत नाही, कारण परीक्षेत ते लागत नाही.

ते ‘आबेर’ या क्रियापदाचे तुकडे आहेत. आबेर म्हणजे जवळ असणे, बाळगणे. त्याची वर्तमानकाळी रूपं अशी चालतात: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. पागार अधिक ए, पागारे. पागार अधिक आस, पागारास. एका ‘आबेइस’ची तेवढी झीज होऊन ‘एइस’ उरलं, बाकी जसंच्या तसं. म्हणजे मूळची रचना ‘देणे माझ्याकडे आहे’ अशी. आपल्या ‘मला द्यायचं आहे’च्या अगदी जवळची. लॅटिन मोडून तिच्या लेकी तयार होत होत्या तेव्हा लोक असं बोलायला लागले, आणि बोलता बोलता ‘द्यायचं आहे’चं ‘देईन’ झालं. आधी बांधिलकी होती, तिचा काळ नंतर झाला. देवनागरीत लिहिलं तर गंमत आणखी स्पष्ट दिसते. अख्खं ‘माझ्याकडे आहे’ आता ‘र’वरची एक मात्रा होऊन बसलंय.

पोर्तुगीजमध्ये हा सांधा अजून उघडा आहे. तिथे ‘मी देईन’ला ‘पागारेय’ म्हणतात, पण ‘मी त्याला देईन’ असं जरा शिष्ट भाषेत लिहायचं असेल तर क्रियापद मधोमध फोडून त्यात ‘त्याला’ घालतात. पागार-ल्ये-एय. जुन्या कास्तिलियनमध्येही असं फोडून लिहायचे, नंतर ते बंद झालं.

आणि इथे तो नवीन मुलगा बरोबर ठरतो. कारण फोडलेल्या रूपाच्या सुरुवातीला जो ‘पागार’ सुटा उभा राहतो, तोच आपला पगार. मराठीने तो पोर्तुगीजांकडून घेतला. चावी, पाव, बटाटा, घमेलं, बिजागरी, तुरुंग, लिलाव यांच्याबरोबर. बाकीची नामंच होती, वस्तूबरोबर आली. पगार मात्र क्रियापद होतं. आपण ते ‘देणे’ या अर्थाच्या मूळ रूपातच उचललं आणि नाम करून टाकलं. त्यात विचित्र काही नाही, आपण घरच्या क्रियापदांशीही हेच करतो. माझं देणं आहे, त्याच्याकडून येणं आहे. हिशेबात ‘देणं’ आणि ‘येणं’ या वस्तूच असतात. स्पॅनिश खातेवहीच्या दोन बाजूंची नावं ‘देबे’ आणि ‘आबेर’ आहेत. हे आबेर तेच, वर ज्याचे तुकडे झाले ते.

अजून मागे गेलं तर पागार हे लॅटिन ‘पाकारे’पासून येतं, आणि ते ‘पाक्स’पासून, म्हणजे शांती. पैसे देणे म्हणजे ज्याचं देणं आहे त्याला शांत करणे. इंग्रजी ‘पे’ पण त्याच घरातला. त्यामुळे पगार आणि पेमेंट हे दूरचे चुलत भाऊ एकाच पेस्लिपवर भेटतात.

पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. पण मी ज्या मुलुंडात राहते, जिथे गाडी बदलते ते घाटकोपर आणि नोकरी करते ती अंधेरी हे सगळं साष्टी बेट, आणि साष्टी १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर दिलेली. १७३७ मध्ये ती मराठ्यांनी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. दोनशे वर्षं. बोरिवलीत मंडपेश्वरच्या लेण्यांवर त्यांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. खाली शिव, वर पडक्या भिंती आणि आजूबाजूला आयसी कॉलनीच्या रिक्षा. त्यातही १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालचा राजा आणि स्पेनचा राजा एकच होता. कारभार पोर्तुगीजच राहिला, पण कागदोपत्री अंधेरी-बोरिवलीचा धनी माद्रिदला बसत होता. ऑफिसच्या कॉलवर मी हे एकदा स्पॅनिश मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्ही आमच्या वेळेनुसार काम करता यात नवीन काय.

पगार हा शब्द आला, क्रियापद आलं नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. क्रियापदाबरोबर देणारा येतो. नामाबरोबर तो येत नाही. आपण मराठीत काय म्हणतो? पगार झाला. पाऊस झाला, सकाळ झाली, पगार झाला. तो कोणी करत नाही, तो होतो. आणि नाही झाला तर नाही होत.

२००८ च्या दिवाळीनंतर आमच्या घरात चार महिने हेच वाक्य होतं. पगार झाला नाही.

बाबा भांडुप-मुलुंडच्या मधल्या पट्ट्यात, एलबीएस मार्गाच्या आतल्या बाजूला, एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये टर्नर होते. पंपांचे भाग बनायचे. सत्तरेक माणसं. बाबांची १९ वर्षं तिथे झाली होती. मी अकरा वर्षांची होते, त्यामुळे मला कंपनीची आर्थिक स्थिती वगैरे कळत नव्हती. कळत होतं ते एवढंच की महिन्याची सात तारीख हा दिवस बदलला. आधी सातला बाबा येताना भजी आणायचे. नंतर सातला आई त्यांना काही विचारायची नाही, आठला विचारायची. ते म्हणायचे, “देऊ म्हणालेत.”

देऊ. स्पॅनिशमध्ये पागारेमोस, मरोळ नाका. ज्याने हे म्हटलं तो एकच माणूस होता, मालकाचा भाचा, पण मालक लोक ‘देईन’ म्हणत नाहीत. ‘देऊ ना’, ‘बघू’, ‘करू काहीतरी’. मराठीतलं हे ‘ऊ’ फार मऊ आहे. त्यात आम्ही म्हणजे कोण हे सांगावं लागत नाही, आणि ते विनंतीसारखं, सल्ल्यासारखं, दिलाशासारखं कसंही ऐकता येतं. चल जाऊ, चहा घेऊ, पैसे देऊ.

मार्चमध्ये गेट बंद झालं. चावी पोलिसांसमोर वॉचमनकडून काढून घेतली. पुढच्या वर्षी मशीनचा लिलाव झाला, ज्या लेथवर बाबा काम करायचे तो भिवंडीच्या कोणीतरी नेला. चावी, पगार, लिलाव. कंपनीच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट तीन पोर्तुगीज शब्दांत सांगता येते.

जाताना प्रत्येकाला एक पत्र मिळालं. ते आजही बाबांच्या फाइलीत आहे, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. त्यात लिहिलंय की कामगारांची थकीत देणी परिस्थिती सुधारताच टप्प्याटप्प्याने अदा करण्यात येतील. किती ते पत्रात नाही, पण बाबांना पाठ आहे. चार महिन्यांचा पगार महिना ८,२०० प्रमाणे ३२,८००. ग्रॅच्युइटी, शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ६,५००, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, म्हणजे ३,७५०, गुणिले १९ वर्षं, ७१,२५०. एकूण १,०४,०५०. हे गणित त्यांनी मला सहावीत घालून दिलं होतं, वहीच्या मागच्या पानावर. कायद्याने ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. बाबांना दोन खेपेत मिळून २०,००० मिळाले. मग कोर्टाच्या तारखा आल्या. २०१३ नंतर बाबांनी तारखांना जाणं सोडलं, कारण एका तारखेला वागळे इस्टेटमधल्या नव्या नोकरीचा एक खाडा पडायचा.

मी त्या पत्रातलं ते वाक्य आयुष्यभर बघत आलेय. पण स्पॅनिशचे धडे गिरवायला लागल्यावर एका रविवारी मी ते पुन्हा काढलं आणि शाळेत करायचो तसं त्याचं व्याकरण चालवलं. क्रियापद ‘येतील’. भविष्यकाळ, तृतीयपुरुष, अनेकवचन. कोण येतील? देणी. ज्या वाक्यात ७० माणसांना पैसे द्यायचे आहेत, त्या वाक्यात क्रियापद ज्याच्या मागे चालतं तो मालक नाही, कंपनी नाही, कोणी माणूसच नाही. देणी आपली आपण येतील. आणि तीही परिस्थिती सुधारली तर.

मराठीला भविष्यकाळ कमी पडत नाही, उलट जास्तच आहे. उद्या देतो, हा वर्तमानाच्या वेषातला. देणार आहे, हा बेत. देईन, हा शब्द देणं. (करीन की करेन हे भांडण इथे नाही, ‘देईन’ सगळ्यांचं सारखंच.) आणखी एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. मी देते, मी देतो, इथे मी बाई की पुरुष हे कळतं. ‘देईन’मध्ये कळत नाही. तिथे फक्त ‘मी’ उरतो. पागारेमध्येही तसंच.

माझी स्पॅनिशची शिक्षिका मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराची. आमच्या रात्री साडेनऊला तिच्या सकाळचे दहा वाजलेले असतात, आणि ती कॉफी पीत पीत शिकवते. तिला मी ‘प्रोफे’ म्हणते, तिकडे शिक्षकांना तसंच म्हणतात. भविष्यकाळाचा धडा आला तेव्हा ती म्हणाली, हे शीक, पण बोलताना वापरू नकोस. रोजच्या बोलण्यात लोक ‘बोय आ पागार’ म्हणतात, मी द्यायला जातोय, बस. पागारे, दिरे, इरे हे साधं रूप बोलण्यात दोन वेळा येतं. एक, शपथ घेतल्यासारखं काही सांगायचं असेल तेव्हा. दुसरं, अंदाज करायचा असेल तेव्हा. किती वाजले असतील, तो घरी असेल, तिचं वय तीस असेल. हे सगळं स्पॅनिशमध्ये भविष्यकाळाने म्हणतात.

इथे मला काहीच शिकावं लागलं नाही. ‘असेल’ हे आपलं भविष्यकाळाचं रूप, आणि ते अंदाजालाही तेच. बाबा घरी असतील. पैसे मिळाले असतील. एकच रूप, त्यात वचन पण आणि ‘कोणास ठाऊक’ पण.

मग मी तिला टेबलातल्या त्या नोंदीबद्दल सांगितलं. ती उठली आणि आतून एक पॅड घेऊन आली. आपल्याकडे पावतीपुस्तकं मिळतात तसं, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं छापील पागारेंचं पॅड. तिच्या आईचं शिवणाचं दुकान आहे आणि लग्नाच्या मोठ्या ऑर्डरला ती हे भरून घेते. कॅमेऱ्यासमोर धरून तिने पहिली ओळ वाचून दाखवली. ‘देबो इ पागारे’, आणि पुढे ‘विनाअट’. देणे लागतो आणि देईन. दोन्ही क्रियापदं एकवचनात, पण कंसात बारीक अक्षरात अनेकवचनाची शेपटी छापलेली, सही करणारे दोघं असतील तर. मी तिला विचारलं, नुसतं ‘देणे लागतो’ पुरत नाही का? ती म्हणाली, आईला पुरत नाही.

त्यांच्या दुकानांत एक पाटी असते, असंही ती म्हणाली. ‘ओय नो से फिया, मान्याना सी.’ आज उधार नाही, उद्या हो. मी तिला आपल्या किराणा दुकानांतलं ‘आज रोख, उद्या उधार’ ऐकवलं. ती इतकी हसली की कॉफी सांडली.

त्याच धड्यात तिने आणखी एक सांगितलं आणि त्याने मात्र मला आमच्या टेबलाकडे वेगळ्या नजरेने बघायला लावलं. पागारे हा शब्द शेवटच्या ‘रे’वर जोर देऊन म्हणायचा, आणि लिहिताना त्या अक्षरावर तिरकी खूण द्यायची. ती खूण काढून जोर ‘गा’वर आणला तर वेगळंच रूप तयार होतं. त्याचा अर्थ ‘त्याने जर पुढे कधी दिले’ किंवा ‘जो कोणी देईल’ असा. हे रूप बोलण्यातून केव्हाच गेलं, आता फक्त कायद्याच्या कागदांत उरलंय. म्हणजे एका खुणेवर ‘मी देईन’ आणि ‘दिले तर’. आमच्या डेटाबेसमध्ये खूण नाही. कोणे एके काळी कोणीतरी सगळं साध्या रोमन लिपीत, कॅपिटलमध्ये टाकून ठेवलंय. गेली कित्येक वर्षं आमची सिस्टिम तिथे नुसतं ‘दिले तर’ म्हणतेय आणि कोणाचंच काही अडलेलं नाही. मी टिकिट टाकलं. प्रायॉरिटी लो.

स्पेनच्या १९८५ च्या कायद्याप्रमाणे कागदावर ‘पागारे’ हा शब्द मजकुरातच असावा लागतो आणि वचन शुद्ध व साधं असावं लागतं. शुद्ध म्हणजे अट नको. हे वाचून मी आपला कायदा शोधला. तो १८८१ चा, आणि त्याचं चौथं कलम वाचण्यासारखं आहे, कारण इंग्रजांनी त्यात उदाहरणं घातलीत. ‘बी’ला पाचशे रुपये देण्याचं वचन देतो, ही झाली वचनचिठ्ठी. नुसतं ‘तुझे हजार रुपये देणं आहे’ एवढंच, ही नाही. सीशी माझं लग्न झाल्यावर सात दिवसांनी पाचशे देईन, नाही. डी मेल्यावर देईन, त्याने माझ्यासाठी पुरेसं मागे ठेवलं असेल तर, नाही. पाचशे रुपये देईन आणि पुढच्या एक जानेवारीला माझा काळा घोडाही देईन, हेही नाही. मेट्रोत मी काळ्या घोड्यावर इतकी मोठ्याने हसले की समोरच्या बाईने इअरफोन काढून बघितलं.

परिस्थिती सुधारताच. हा बाबांचा काळा घोडा. शोधायला गेलं तर त्या पत्रात कायद्याने धरायला एकही शब्द नाही. देणारा नाही, आकडा नाही, तारीख नाही, आणि अट मात्र आहे. ज्याने ते लिहिलं त्याला मराठी उत्तम येत असणार.

हे बाबांना सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी जेवताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पत्र ड्राफ्ट करायला वकील होता त्यांच्याकडे. आम्हाला तेव्हाच कळलं होतं. पण कागद हातात नाही म्हणण्यापेक्षा कागद हातात आहे हे बरं.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या त्या भाषेत वाक्य कसं झालं असतं?” मी म्हटलं, पागारे. एकच शब्द. ते म्हणाले, “आणि पुढे पैसे नसते दिले तर?” मी म्हटलं, तर तो कागद घेऊन कोर्टात गेलं की आधी कागद खरा मानून सुरुवात होते. “आणि पैसे?” आई म्हणाली, “जेवा आता.”

यंदा जूनमध्ये भांडुपला एक जुना वन-बीएचके बघितला. कर्ज माझ्या नावावर, पण नुसत्या माझ्या पगारावर बँक हवी तेवढी रक्कम देईना, म्हणून सहकर्जदार बाबा. ५८ वय, दोन वर्षांत रिटायर. सह्यांना बोलावलं त्या दिवशी टेबलावर दीडशे पानांचा गठ्ठा होता, आणि ऑफिसर पोरगा जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारत पटापट पानं उलटत होता. बाबांनी एका पानावर हात ठेवला. त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेला होता आणि मजकूर अगदी थोडा, चार ओळी. डिमांड प्रॉमिसरी नोट.

“हे काय आहे?”

“काका, फॉरमॅलिटी आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांचंच असतं.”

बाबा इंग्रजी वाचतात, हळू. मशीनची मॅन्युअल्स वाचून शिकलेलं इंग्रजी. त्यांनी चारही ओळी बोट ठेवून वाचल्या. मागणी करताच. मी तिरकी रेघ आम्ही. संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे. बँकेला किंवा बँक सांगेल त्याला. रक्कम. व्याज. अट कुठेच नाही. परिस्थितीचा उल्लेख नाही.

“हे ‘आय’ आणि ‘वुई’ दोन्ही कशाला?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं की दोघं असलो तर ‘वुई’. आणि स्वतंत्रपणे म्हणजे बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडेही मागू शकते, अर्धी-अर्धी नाही. तुमच्याकडेही पूर्ण.

“म्हणजे ‘वुई’ लिहिलं तरी ‘आय’च.”

“हो.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “असं पाहिजे.” आणि स्टॅम्पवर अर्धी, कागदावर अर्धी अशी सही केली. त्यांची सही मोठी आहे, नावाचं शेवटचं अक्षर लांब ओढलेलं. मग मी केली.

त्या पोराने पेनाने ‘आय’वर रेघ मारली. खाडाखोड झाली म्हणून त्या रेघेशेजारी दोघांनी पुन्हा छोट्या सह्या केल्या. हप्त्याची तारीख बाबांना सात हवी होती. फॉर्मवर पाच, दहा आणि पंधरा एवढ्याच होत्या. दहा घेतली.